सानं

प्रवासात राहायची-रांधायची सोय केलेली व्हॅन पहिल्यांदा दारात आणून उभी केली, तेव्हा शेजाऱ्यांनी अ‍ॅव्हरेज विचारलं आणि मुलीनं गाणी कशावर लागतात ते विचारलं. आईनं मागच्या उघड्या दारातून आत डोकं घातलं. सीटवर टाकलेली फळी, फळीखालचे खण, कोपऱ्यातली एका बर्नरची शेगडी, सगळं हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "समदं झ्याक हाय. सानं कुठाय पर?"

सानं म्हणजे काय, हे माझ्या मुलीला सांगावं लागलं. आईचं माहेर मंगळवेढ्याकडचं, काळ्या रानातलं. घर माळवदाचं. हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर मातीचं सपाट छप्पर म्हणजे धाबं, खिडकी म्हणावी अशी जवळजवळ नाहीच. उन्हाळ्यात ४२-४३ अंशांत असं घर गार राहतं. पण आत चूल पेटली की धूर जाणार कुठं? म्हणून चुलीच्या अंगाला धाब्याला एक भोक ठेवायचे, ते सानं. त्यातून उजेडाचा कवडसा खाली यायचा आणि धूर वर जायचा. पाऊस आला की कुणीतरी पोरगं माळवदावर पळायचं आणि सान्यावर घमेलं पालथं घालायचं. मग घरात जो धूर कोंडायचा, त्याच्या गोष्टी आई आजही डोळे पुसत सांगते.

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. "चार काचा हायत की गाडीला," म्हटलं.

हे म्हणणारा मी कोण, तेही सांगून टाकतो. एका टॉवेल कारखान्याच्या प्रोसेसिंग खात्यात मी १९ वर्षं बॉयलरवर काढली. चिमणीतून निघणाऱ्या धुराच्या रंगावरून भट्टीला हवा कमी पडतेय का जास्त, हे मी लांबून सांगायचो. धूर काळा आला की डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, उघडायचा, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. आणि तोच मी दीड माणूस उंचीच्याही नसलेल्या पत्र्याच्या डब्यात शेगडी पेटवताना काचा लावून घेत होतो, पावसाचे शिंतोडे उशीवर येतात म्हणून.

नळदुर्गची गोष्ट तीच. पावसाळ्यात किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू झाले की सोलापूरकर हैदराबाद रस्त्यानं तिकडे पळतात. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातला तो पाणी महाल, बोरी नदीला घातलेल्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला. पाणी चढलं की बंधाऱ्यावरून शेजारी-शेजारी दोन धारा कोसळतात. आम्ही तिघं गेलो, आई, बायको आणि मी. दुपारी आईनं हौसेनं गाडीतच भाकरी केल्या. मांडी घालून बसायला जागा नाही, तर फळीवर परात ठेवून वाकून थापल्या. ज्वारीचं पीठ सगळीकडे उडालं. माझ्या काळ्या छत्रीवरसुद्धा पांढरं चांदणं पडलं होतं.

संध्याकाळी पावसानं असा जोर धरला की निघायचं धाडस होईना. रस्त्यालगतच्या एका ढाब्याच्या आवारात, मालकाला विचारून, गाडी लावली. ढाबा असताना जेवण बनवायचं कशाला, असं कुणीही विचारेल. पण गाडीत शेगडी आहे म्हटल्यावर तिच्यावर खिचडी लावलीच पाहिजे, ही नव्या गाडीवाल्याची खाज असते. तीन काचा पूर्ण बंद, चौथी बोटभर उघडी, तीही बायकोनं टॉवेल लावून बुजवली. कुकर चढवला. पहिली शिट्टी नेहमीपेक्षा उशिरा झाली. काचांवरून पाण्याचे ओघळ सुरू झाले. बायको म्हणाली, "अहो, डोकं जड झालंय, दिवसभराचा प्रवास बाधला वाटतं." मलाही जांभया येत होत्या. मी म्हटलं, पोटात अन्न पडलं की बरं वाटेल.

आई मागं टेकून बसली होती. तिची नजर शेगडीवर होती. ती म्हणाली, "जाळ पिवळा झालाय बघ." मी बघितलं. निळी ज्योत कुठंच नव्हती. कुकरच्या बुडाला चाटणाऱ्या पिवळ्या लांबट जिभा, आणि बुडाच्या कडेला काजळी. मी अजून "गॅस संपत आला असेल" असं काहीतरी पुटपुटत होतो तोवर तिनं आवाज चढवला, "दार लावून चूल पेटवायलास व्हय रं? उघड आधी!"

दार सरकवलं. पाऊस आत आला, फळी भिजली, आईची शाल भिजली. शेगडी बंद करून आम्ही तिघंही ढाब्याच्या पत्र्याखाली जाऊन उभे राहिलो. तिथल्या पोरानं न विचारता तीन कप चहा आणून दिला. बायकोचं डोकं उतरायला तास गेला. खिचडी कच्चीच राहिली. पिठलं-भाकरी ढाब्यावरच खाल्ली, आणि त्या ढाबेवाल्यानं पैसे घेताना माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं.

घरी आल्यावर मी मोजपट्टी घेऊन गाडीत बसलो. लाज वाटली की मला आकडे लागतात. आतली लांबी-रुंदी-उंची गुणून साधारण साडेचार घनमीटर आलं. सीटा, सामान आणि तीन माणसं वजा करा, चार धरा. आता गॅस. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला ढोबळमानानं १३ घनमीटर हवा लागते. छोटा बर्नर मोठ्या आचेवर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस खातो. म्हणजे खिचडीच्या अर्ध्या तासात ७५ ग्रॅम गॅस, आणि त्यासाठी जवळजवळ एक घनमीटर हवा. गाडी अगदी हवाबंद असती, तर आतल्या प्राणवायूचा चौथा हिस्सा एका कुकरनं खाल्ला असता, वर तीन माणसांचे श्वास वेगळेच. दारांच्या फटींनी आम्हाला तारलं. घरचं स्वयंपाकघर, छोटंसं का होईना, वीस-बावीस घनमीटरचं असतं. शिवाय मागचं दार उघडं, खिडकी उघडी, पंखा. तिथं आपण कशीही शेगडी पेटवतो आणि घर आपल्याला सांभाळून घेतं. आपल्याला वाटतं, आपल्याला स्वयंपाक येतो.

काचांवरचे ओघळही या हिशोबात बसतात. तेवढा गॅस जळताना कपभर पाणी वाफेच्या रूपानं निघतं. कुकरची वाफ निराळी. म्हणून आता काच घामेजली की मी पुसायला फडकं शोधत नाही, आधी काच खाली घेतो.

पिवळ्या जाळाचं कारण मात्र नुसतं हवेत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बर्नर खोलला तर आत भाकरीचं पीठ! बर्नरच्या भोकांत आणि खाली हवा ओढून घेणाऱ्या तोंडाशी ज्वारीचा थर बसलेला. गॅस येतोय, हवा मिसळत नाहीय, त्यात गाडीतल्या हवेतलाच प्राणवायू उतरलेला. असं अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीनं त्याला धरून ठेवतं. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि झोप येणं हेच त्यातलं सगळ्यात वाईट, कारण माणूस उठून दार उघडत नाही.

मला इथं फोडणीची फार आठवण येते. लाल मिरची तेलात पडली की गाडीतली माणसं खोकत-शिंकत स्वतःच बाहेर पडतात. ठसका हा फुकटचा पहारेकरी. चुलीचा धूरही तसाच, डोळ्यांत पाणी आणून उठवतो. सान्याची गरज कुणी शिकवावी लागली नाही, कारण धूर दिसत होता. निळ्या ज्योतीनं धूर काढून घेतला आणि आपण समजलो की बाहेर जायला काही उरलंच नाही.

आईला मी हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग सानं पाड की वर."

तेही करून पाहणार होतो. पण गाडीच्या बॉडीत फेरफार करायचा तर आरटीओची परवानगी लागते. त्याहून मोठी गोष्ट, नुसतं सानं काम करत नाही. बॉयलरवाल्याला हे आठवायला हवं होतं. वरून गरम हवा निघून जायची, तर खालून तितकीच आत यायला वाट हवी. माळवदाच्या घरात दार उघडं असायचं म्हणून सानं ओढ धरायचं. शिवाय गाडीत खालच्या वाटेचं दुसरंही एक काम असतं. एलपीजी हवेपेक्षा जड. नळी सैल झाली, नॉब चुकून फिरला, तर गॅस पाण्यासारखा खाली उतरतो आणि जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका आमच्या अंथरुणाखाली. हवेत तो दोन टक्क्यांच्या आसपास झाला की ठिणगीची वाट बघत बसतो. आमच्या गाडीच्या मापानं पाव किलोहूनही कमी गॅस त्याला पुरे, आणि खालच्या वीतभर थरात साचला तर त्याहून खूपच कमी. टाकीत असतो पाच किलो. वासासाठी त्यात मरकॅप्टन मिसळलेलं असतं हे खरं, पण लसणाच्या फोडणीनंतर आणि दहा मिनिटं त्याच हवेत बसल्यावर नाकावर किती भरवसा ठेवायचा?

म्हणून फळीखालच्या खणातली टाकी मी बाहेर काढली. खण कसला, ती विहीर होती, गॅस साचायला केलेली. आता टाकी प्रवासात उभी, पट्ट्यानं आवळलेली, रेग्युलेटर काढून टोपी लावलेली असते. मुक्कामाला पोचलो की ती आधी खाली उतरते, मग माणसं. नळी आयएसआय शिक्क्याची, केशरी, तिच्यावरची तारीख मी बघतो. जोडाला साबणाचा फेस लावतो, बुडबुडा दिसला तर त्या दिवशी थंड जेवण. काडी ओढून गळती बघणारे वीर मी पाहिलेत. त्यांच्या भुवया मात्र नीट पाहिलेल्या नाहीत, कारण नव्हत्याच. आणि गल्लीबोळात घरगुती टाकीतून छोट्या टाकीत गॅस भरून देतात, ते बेकायदेशीर तर आहेच, पण वजन-काट्याशिवाय काठोकाठ भरलेली टाकी आपल्या पोरांच्या उशाशी ठेवायची हिंमत मला नाही.

दोन अलार्म घेतले. गॅसचा खाली, जमिनीपासून वीतभर. कार्बन मोनॉक्साइडचा वर, झोपल्यावर डोकं येतं त्या उंचीला. दुकानदार एकाच ठिकाणी दोन्ही चिकटवून देत होता.

मे महिन्याची एक गोष्ट सांगायची राहिली. भाच्यानं एक सुटसुटीत शेगडी भेट दिली होती, शेजारी ब्युटेनचा कॅन अडकवायची. दिसायला ब्रीफकेससारखी, मला फार आवडली. सुट्टीत ती गाडीत राहिली, गाडी विजापूर रोडवर उन्हात. दुपारी दार उघडलं तर स्टिअरिंगला हात लावता येईना. कॅन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला, इतका तापलेला. त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ५० अंशांच्या वर नेऊ नका. सोलापुरात बाहेर ४३ असताना बंद गाडीत ५० म्हणजे सकाळी अकराचा आकडा. फडक्यात धरून तो कडुलिंबाच्या सावलीत नेऊन ठेवला आणि मी लांब जाऊन बसलो. त्या शेगडीचं दुसरं दुखणं आमच्या खास उपयोगाचं: तिच्यावर रुंद भांडं चढवलं की खालची उष्णता परतून शेजारच्या कॅनवर जाते. आणि आमचं भांडं कोणतं, तर भाकरीचा तवा! भाच्याला वाईट वाटू नये म्हणून ती शेगडी माळ्यावर आहे, कॅनशिवाय.

मग इंडक्शन. बरेच जण सांगतात, वीज घ्या, कटकट मिटली. निम्मी मिटते, हे मान्य. ज्योत नाही, हवा खात नाही. पण १२ व्होल्टच्या बॅटरीवरून हजार वॅट ओढायचे म्हणजे इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या तारेतून ८५-९० अँपिअर धावतात. तार जाड हवी, फ्यूज बॅटरीजवळ हवा. घरच्या बोर्डाची उरलेली तार जोडलेली एक गाडी मी पाहिली आहे, तारेचं प्लॅस्टिक मऊ झालेलं होतं. मी इंडक्शन ठेवलंय, पण जिथं मुक्कामाला प्लग मिळतो तिथंच.

तळण बंद केलं. आई त्यावर रुसली, पावसात भजी नाहीत म्हणजे काय. पण उथळ कढईतलं तेल, शेजारी पडदा, खाली फोम आणि रेक्झिन, हे मला झेपत नाही. पेटलंच तर झाकण टाकायचं, गॅस बंद करायचा, पाणी अजिबात ओतायचं नाही. पावडरचं अग्निशामक नळकांडं सरकत्या दाराशी लावलंय. आधी ते शेगडीच्या मागं होतं, म्हणजे आग ओलांडून घ्यायला.

एक धडा फार किरकोळ वाटतो, पण आमच्याकडं भाजण्याचं तेच एक प्रकरण झालं. व्हॅन स्प्रिंगांवर असते. कुणी पायरीवर पाय ठेवला की ती कलते. बायको चहा गाळत होती, मी धपकन आत चढलो आणि उकळता चहा तिच्या मनगटावर. तेव्हापासून चढताना-उतरताना आवाज द्यायचा, असा घरचा कायदा आहे. ताटलीत शेंगदाणा ठेवून गाडी सपाट उभी आहे का तेही बघतो. दाणा घरंगळला तर चाकाखाली दगड.

या सगळ्यातून आमचा स्वयंपाक हळूहळू गाडीबाहेर सरकत गेला, हे मला एका वर्षी वारीत लक्षात आलं. पालख्या सोलापूर जिल्ह्यात आल्या की नातेपुते, अकलूज, वेळापूर भागात दिंड्यांचे ट्रक बघावेत. शेकडो माणसांचा संसार त्यात: शेगड्या, टाक्या, पातेली, पिठाची पोती, तंबू. अख्खं स्वयंपाकघर चाकांवर चाललेलं असतं. आणि तरी ट्रकात कुणी काडी ओढत नाही. मुक्काम आला की फाळका पडतो, शेगड्या जमिनीवर येतात, उघड्या रानात आमटी उकळते. कुणी पुस्तक वाचून केलेलं नाही हे. आईच्या लहानपणी बैलगाडीनं सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला यायचे, तेव्हाही तीन दगडांची चूल गाडीपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला, कारण गाडीत कडबा. मी पंचवीस व्हिडिओ पाहून लाकडी खण ठोकले होते आणि उत्तर माझ्या घरात शाल पांघरून बसलं होतं.

तर आता आमचं स्वयंपाकघर एका पेटीत आहे. मागचं दार वर उचललं की ते छप्पर होतं, पेटी खाली स्टुलावर, टाकी बाजूला. पाऊस असेल तर ताडपत्री दाराला बांधतो, दोन बाजू उघड्या ठेवून. पाऊस तिरका असेल तर शेगडी पेटतच नाही.

शेगडी पेटत नाही तेव्हा खायचं काय, याचं उत्तर सोलापूरनं माझ्या जन्माच्या कितीतरी आधी देऊन ठेवलंय. कडक भाकरी. पातळ थापून, भाजून, पार वाळवलेली, पापडासारखी कडाड मोडणारी, डब्यात कित्येक दिवस टिकणारी. सोबत शेंगाची चटणी, लोखंडी खलबत्त्यात कुटून तेल सुटलेली. दही कुठंही मिळतं. पुण्या-मुंबईचे लोक हौसेनं नेतात, पण हौसेसाठी ती झालेली नाही. रानात, वाटेत, जिथं विस्तव करता येत नाही तिथं खायला ती झालीय. गरम हवं असेल तर घरून निघतानाच थर्मासमध्ये आमटी भरतो. भाकरी मोडून आमटीत टाकली की दहा मिनिटांत मऊ होते. आईचे दात आता तेवढे राहिले नाहीत, ती पंधरा मिनिटं थांबते.

गेल्या जानेवारीत माचणूरला भीमेच्या काठी मुक्काम होता. थंडी चांगलीच होती, नदीवरून वारा. अशा रात्री गाडीच्या आत शेगडी घेऊन दार लावावं, असं कुणालाही वाटेल. मीही दोनदा दाराकडे पाहिलं, खोटं कशाला बोलू. बायकोनं आत अंथरूण घातलं, दोन्ही बाजूच्या काचा चार-चार बोटं उघड्या ठेवल्या आणि आईवर दोन सोलापुरी चादरी टाकल्या. मी बाहेर गाडीच्या आडोशाला चहा ठेवला. वाऱ्यानं ज्योत सारखी लोळत होती. पत्र्याचा एक डबा एका बाजूला उभा केला, चहूबाजूंनी नाही, शेगडीलाही श्वास लागतो. आधण यायला एरवीच्या दुप्पट वेळ लागला.

आतून तीनदा विचारणा झाली. चौथ्यांदा आवाज आला, "काच लावू का रं, लई गार येतंय." मी काही म्हणायच्या आत तिनंच पुढं जोडलं, "ऱ्हाऊ दे, सानं हाय ते."

चहाला उकळी फुटली तेवढ्यात गाडी किंचित हलली.

"उतरतीय रं," आई म्हणाली. मी पातेलं उचलून धरलं.